मधल्या अंतराचा चष्मा

आमच्या घरात ‘दिसत नाही’ असं कुणी म्हणत नसे. म्हणजे मी म्हणायचे आणि त्यावरून बोलणी खायचे. बाईमाणसाने डोळ्यांची तक्रार चारचौघांत करू नये, असं आईचं ठाम मत होतं. तिला बघायला मंडळी आली तेव्हा तिच्या मावशीने तिच्या नाकावरचा चष्मा काढून डब्यांच्या मागे ठेवला होता आणि कानात सांगितलं होतं, कुणी काही दाखवलं तर दिसतंय म्हणायचं, हसायचं आणि खाली बघायचं. आईने तसंच केलं. माझे वडील कसे दिसतात हे तिला हळद लागेपर्यंत धड ठाऊक नव्हतं. पुढे संसार बरा झाला, पण ‘दिसतंय’ म्हणायची सवय तिला कायमची जडली. बसची पाटी असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, लग्नाच्या मांडवात लांबून हात करणारी कुणी बाई असो, आई आधी ‘दिसतंय’ म्हणायची आणि मग अंदाजाने चालायची. अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा, हीच पंचाईत होती.

माझ्यावर तीच पाळी आली ती नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून नुकती लागले होते. मंडळी सटाण्याहून यायची होती. आईने सकाळपासून तीनदा बजावलं, चष्मा काढून ठेव, घटकाभराचा तर प्रश्न आहे. मी काढला नाही. मंडळींनी चिवडा खाल्ला, चहा घेतला, माझ्या नाकाकडे बघत शाळेची चौकशी केली आणि कळवतो म्हणून गेली. कळवलं नाही. पुढे आणखी दोन ठिकाणी तेच झालं आणि मग विषयच संपला. चष्म्यापायी हिने लग्न घालवलं, असं आमचे नातेवाईक अजून म्हणतात. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मंडळी गेल्यावर मी आईला जे बोलले त्याचं. “तू न बघता लग्न केलंस, मी करणार नाही,” असं मी तिला म्हणाले होते. ती कपबशा विसळत राहिली.

वडील गेल्यावर मखमलाबाद नाक्याजवळच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं उरलो. मी, आई आणि माझा धाकटा भाऊ. आईचं माहेर फुलं पिकवणारं. मामाच्या मळ्यातून रोज सकाळी झेंडूची, शेवंतीची टोपली यायची आणि आई भिंतीला टेकून, पाय पसरून, फुलं मांडीवर घेऊन हार ओवत बसायची. दोन देवळांचे आणि कारंज्याच्या चौकातल्या तीन दुकानांचे हार तिच्याकडे होते. माप हाताचं. दोन हाती, तीन हाती. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजायचा आणि गाठ मारायची. पन्नाशीनंतर तिला जोडभिंगाचा चष्मा लागला. वरच्या भागातून लांबचं, खालच्या चंद्रकोरीतून जवळचं. तो मात्र तिला फार मानवला. मान न हलवता ती खालून सुईत दोरा ओवायची आणि वरून समोरच्या भिंतीपाशी ठेवलेला टीव्ही बघायची. मालिकेतल्या बाईच्या कानातलं कालच्यापेक्षा वेगळं आहे, हेही तिला दिसायचं.

धाकट्याने आयटीआय केलं, सातपूरच्या कारखान्यात चार-पाच वर्षं फिटर म्हणून काढली आणि मग कुणाच्या तरी ओळखीने कुवेतला गेला. आई त्याला भाऊ म्हणायची. तो गेला तेव्हा ती रडली नाही, पण त्या दिवशी तिने ओवलेला प्रत्येक हार वीतभर जास्त झाला. दुकानदारांनी तक्रार करायचं काही कारण नव्हतं.

पहिली दोन-तीन वर्षं फोनवर भागलं. मग दोन हजार पाचच्या आसपास आमच्या रस्त्यावर सायबर कॅफे निघाला. प्लायवूडच्या आडोशाने केलेल्या सहा खोपट्या, प्रत्येकीत एक संगणक, त्यावर चिमट्यासारखा बसवलेला कॅमेरा. धाकट्याला शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी आईला घेऊन तिथे जायचे. ती धुतलेलं पातळ नेसून यायची. मी तिच्या कानाला हेडफोन लावायचे, दुसरा जोड मालकाकडून मागून माझ्या कानाला. पडद्याच्या कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढी चौकट उघडायची आणि तीत धाकटा यायचा.

“आई, दिसतोय का मी?”

“दिसतोय की. लय छान दिसतोय.”

मग जेवलास का, पाऊस आहे का, कुवेतला पाऊस नसतो हे दर वेळी नव्याने ऐकून आश्चर्य. आई बोलताना पडद्याकडे बघायची, पण तिची मान सारखी वरखाली होत असायची. मला वाटायचं, बावरते. मी चिडायचे. “सरळ बस ना, त्याला तुझं डोकंच दिसतंय,” म्हणून तिला दटावायचे. मीसुद्धा लहानपणापासून चष्मेवाली. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्यात, धाकट्याचा मला शाळेत फोन आला. कामावर असताना गरम वाफ तोंडावर आली होती. डावा गाल, कान, मानेपर्यंत भाजलं होतं. तो दवाखान्यातून बोलत होता आणि पंधरा दिवस उलटून गेले होते; मधले दोन शुक्रवार तो आला नाही तेव्हा आम्हाला वाटलं होतं, सुट्टी मिळाली नसेल. “ताई, आईला सांगू नको,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याला वचन दिलं. घरी येऊन आईला सांगितलं, त्याच्याकडचा कॅमेरा बिघडलाय, आता काही दिवस फोनच. खोटं बोलायला मला अजिबात जड गेलं नाही, याचं नंतर नवल वाटलं.

चार महिने फोनच चालले. जखम भरली, पण धाकटा सावरला नाही. खोलीवरच्या माणसांसमोर तो गळ्याला मफलर गुंडाळून बसायचा, त्या उन्हाळ्यात. जेवायला शेवटी जायचा. एकदा म्हणाला, “ताई, आरशात बघितलं की वाटतं, हे तोंड घेऊन आईसमोर कसं जायचं. ती बघेल आणि तोंड फिरवेल.” मी म्हटलं, ती कशाला फिरवेल. तो म्हणाला, तू बघितलं नाहीस अजून.

गणपती होऊन गेल्यावर एका शुक्रवारी त्याने मला कळवलं की आज कॅमेऱ्यावर येतो. आईला आधी काही सांगू नको. काय व्हायचं ते एकदाच होऊ दे. मी आईला घेऊन कॅफेत गेले. चौकट उघडली. धाकटा बसला होता, मफलर नव्हता. डावा गाल लालसर, ओढल्यासारखा, कानाची पाळी जवळजवळ गेलेली. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घातला. धाकट्याने तोंड सरळ समोर केलं.

आई पडद्याकडे बघत राहिली. मान जराशी वर केली, जराशी खाली केली. मग हसली.

“किती दिवसांनी रे भाऊ,” ती म्हणाली. “छान दिसतोय. अगदी होता तसाच.”

धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलताना मला दिसत होते. आई मला विचारत होती, आवाज का येत नाही, तार निघाली का. मी म्हटलं, हो, निघाली असेल. घरी येताना मी तिचा हात धरून चालले. माझी आई केवढी मोठ्या मनाची आहे असं मला वाटत होतं, आणि मी तिच्याशी आयुष्यभर किती कोत्या मनाने वागले असंही वाटत होतं.

त्या दिवसापासून धाकटा बदलला. त्याने मफलर टाकून दिला. चारचौघांत बसून जेवायला लागला. फोनवर जुन्यासारखा खिदळायला लागला. मला म्हणाला, “ताई, आईने बघितलं आणि तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही. आता बाकीच्यांनी काय बघायचं ते बघू दे.” हे वाक्य मला त्याने निदान तीन वेळा सांगितलं असेल.

त्याच हिवाळ्यात माझे डोळे कुरकुर करायला लागले. शाळेत निकालपत्रकं संगणकावर आली होती. टेबलावरच्या वहीतले गुण बघायचे, मान वर करून पडद्यावर भरायचे, पुन्हा वही. चष्मा लावला तर वही धूसर, काढला तर पडदा पुसट. डोकं दुखायचं आणि मी शिपायावर, मुलांवर, सगळ्यांवर डाफरायचे. शेवटी मेन रोडवरच्या आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्यांकडे गेले. अरुंद दुकान, आरशात उलटा दिसणारा अक्षरांचा तक्ता, आणि सत्तरीला टेकलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. आईचे चष्मेही त्यांनीच केलेले.

त्यांनी नंबर काढला आणि विचारलं, “मॅडम, कॉम्प्युटर किती अंतरावरून बघता?”

“सगळे बघतात तेवढ्यावरून,” मी म्हणाले.

त्यांनी हातातली लाकडी पट्टी माझ्या डोळ्यांपासून काउंटरवरच्या कॅलेंडरपर्यंत धरली, मला पुढेमागे सरकवलं. मग म्हणाले, “वाचायचं अंतर एक, टीव्हीचं दुसरं. कॉम्प्युटर मधे कुठेतरी बसतो. चाळिशी गाठली की डोळा आपणहून मधे थांबत नाही, भिंग द्यावं लागतं. आता तुमचं काम दोन्हीकडे आहे, वहीही आणि पडदाही. तेव्हा निवड नीट करू.”

मला शाळेत परत जायची घाई होती. मी म्हटलं, “आईसारखं जोडभिंग द्या की. वरून लांबचं, खालून जवळचं.”

“मग पडदा कुठून बघाल?” ते शांतपणे म्हणाले. “वरून बघितलंत तरी धूसर, खालून बघितलंत तरी धूसर. आणि आईंना तर मी खालचा नंबर मुद्दाम जास्त दिलाय, फुलांचं काम मांडीवर असतं म्हणून. हातभर लांबचं माणूस त्यांना नुसतं रंगाने कळत असेल. पण त्यांना कुठे कॉम्प्युटर बघायचाय?”

मी स्टुलावर बसले होते ती तशीच बसून राहिले. ते पुढे काहीतरी फ्रेमबद्दल बोलत होते. सुईचं नेढं दिसतं, टीव्हीतल्या बाईचं कानातलं दिसतं, मग मधे बसलेला पोरगा दिसणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर-खाली होणारी तिची मान मला आठवली. ती बावरत नव्हती. ती त्याला शोधत होती.

तरी माझा विश्वास बसेना. किंवा बसू नये असं वाटत होतं. घरी आल्यावर मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते. पेपरात कुणातरी स्थानिक पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारी रंगीत जाहिरात होती. तीतला फोटो मी कापला, पुठ्ठ्याला चिकटवला आणि आईसमोर, कॅफेतला पडदा असतो तेवढ्या अंतरावर, धरला. म्हटलं, “भाऊने फोटो पाठवलाय बघ.”

तिने हात पुढे केला. मी म्हटलं, हात लावू नको, ओला आहे. तिने मान वर केली, खाली केली.

“छान आलाय,” ती म्हणाली. “जरा वाळल्यासारखा वाटतोय. जेवत नसंल येळेवर.”

त्या माणसाला झुपकेदार मिशा होत्या आणि कपाळावर मोठा टिळा. धाकट्याने आयुष्यात कधी मिशी ठेवली नव्हती. मी तो पुठ्ठा पदराआड घेऊन मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आता प्रश्न असा होता की मी काय करायचं. करायला हवं होतं ते सरळ होतं. आईला घेऊन दुकानात जायचं आणि तिला पडद्याचा चष्मा करून द्यायचा. मी ते केलं नाही. अडीच महिने केलं नाही. माझा स्वतःचा नवा चष्मा तयार होऊन आला, तो लावून मी शाळेत निकाल भरत होते, आणि दर शुक्रवारी आईला त्या धूसर पडद्यासमोर बसवत होते. एक तिकडे निर्धास्त झाला होता, एक इकडे खूश होती. हे मोडायचा मला काय अधिकार, असं मी स्वतःला सांगत असे. खरं कारण तेवढं चांगलं नव्हतं. आई बघेल तेव्हा तिचं तोंड कसं होईल, ते बघायची माझी हिंमत नव्हती.

मार्च संपताना धाकट्याने कळवलं की त्याला महिनाभराची सुट्टी मिळाली आहे, मे महिन्यात येतो. आई त्या दिवशी फुलं ओवताना गुणगुणत होती. तो दारात येईल, असं ती सारखं म्हणत होती. तो दारात येईल, मी इथे भिंतीपाशी बसलेली असेन, तो चप्पल काढेल. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दारापासून तिच्या बसायच्या जागेपर्यंतचं अंतर टीव्हीएवढंच होतं. तिथून तिला लख्ख दिसणार होतं. चार वर्षांनी आलेला मुलगा उंबऱ्यात उभा असताना आई त्याला पहिल्यांदा बघणार होती, आणि तो तिचं तोंड बघत असणार होता. आईच्या तोंडावरची रेघ हलली नाही, या जोरावर तो उभा राहिला होता, आणि तो जोरच त्याच्या डोळ्यांसमोर मोडला असता.

पुढच्याच शुक्रवारी, बोलणं सुरू व्हायच्या आधी, मी आईच्या पिशवीतून हाराचा दोरा काढला. एक टोक तिच्या चष्म्याच्या काचेपाशी धरलं, दुसरं पडद्यावर टेकवलं आणि तिथे गाठ मारली.

“आता संगणकाला हार घालती का काय?” आई म्हणाली.

“घालायलाच हवा,” मी म्हणाले.

शनिवारी तिला नंबर तपासायला म्हणून मेन रोडला नेलं. चष्मेवाल्यांनी तो दोरा पट्टीवर ताणून धरला, पंचवीस इंच आला. असं माप आणणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं, पण ते हसले नाहीत. त्यांनी तिच्यासमोर तेवढ्याच अंतरावर छापील तक्ता धरला आणि भिंगं बदलत राहिले. आई प्रत्येक भिंगाला “दिसतंय” म्हणत होती. अकराव्या की बाराव्या भिंगाला ती गप्प झाली आणि सावकाश एकेक अक्षर वाचायला लागली. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

ते म्हणाले, एकाच काचेत तिन्ही अंतरं बसवणारी भिंगं निघाली आहेत, पण त्यात जागा शोधत मान हलवावी लागते, या वयात सवय होणं अवघड. त्यापेक्षा पडद्याचा वेगळा चष्मा करू, पूर्ण काच एकाच नंबरची. लावून चालायचं मात्र नाही, फक्त बसून बघायचं. आई म्हणाली, “दोन-दोन चष्मे? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, लोकांना दिसत नाही असं समज. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघी एकदम हसलो.

चष्मा गुरुवारी मिळाला. संध्याकाळी आई फुलांत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, चष्म्याची डबी दोघींच्या मधे ठेवली आणि सांगितलं. घोळवून सांगायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

“आई, भाऊला भाजलंय. मागच्या उन्हाळ्यात. डावा गाल, कान, मानेपर्यंत. आता बरा आहे. पण व्रण मोठा आहे.”

तिची सुई चालूच राहिली. दोन फुलं, तीन फुलं. मग थांबली.

“गणपतीपासनं तो कॅमेऱ्यावर येतोय की.”

“तेव्हा झालेलंच होतं. तुला दिसलं नाही.”

“दिसलं व्हतं मला,” ती सवयीने म्हणाली. “जरा लालसर...” आणि तिथेच तिचा आवाज गेला. बाहेर कुणाची तरी सायकल लावल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, “मी काय म्हणाले त्याला?”

“छान दिसतोय म्हणालीस. होता तसाच.”

तिने सुई हारात टोचून ठेवली आणि तोंडाला पदर लावला. मी तिला रडताना फार कमी वेळा पाहिलं आहे. आवाज करत नाही ती. मग डोळे पुसून म्हणाली, “तुला कधीपासून म्हाईत हाय?”

“भाजल्याचं पहिल्यापासून.”

“आणि मला दिसत नाय, हे?”

“अडीच महिने.”

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान हलवत राहिली. मीच बोलत सुटले. त्याने मफलर कसा टाकला, माणसांत कसा बसायला लागला, सगळं सांगितलं. म्हटलं, “उद्या नवा चष्मा लाव, त्याला नीट बघून घे, मन घट्ट कर. पण त्याला काही कळू देऊ नको. तू आधी बघितलंच नव्हतंस हे त्याला कळलं तर तो मोडेल. एवढं माझं ऐक.” आईने डबी उचलून मांडीवर घेतली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्या रात्री आम्ही दोघी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

शुक्रवारी ती माझ्याआधी तयार होती. कॅफेत बसल्यावर तिने जोडभिंग काढून पिशवीत ठेवलं, नवा चष्मा लावला आणि रिकाम्या पडद्याकडे टक लावून बसली. मी तिचा हात धरला. तो तिने सोडवून घेतला, हेडफोन नीट करायला.

धाकटा आला. हसत आला. मेमधल्या तिकिटाचं बोलायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं. “आई, चष्मा बदलला का गं?”

आता आईची मान हलत नव्हती. तिचे डोळे त्याच्या कपाळावरून गालावर, गालावरून कानाकडे, कानाखाली मानेवर सावकाश गेले आणि पुन्हा वर आले. मी बाजूने तिच्याकडे बघत होते. ज्याची मला इतके दिवस भीती वाटत होती ते तिचं तोंड मी बघितलं. ते लपवायची तिने काही खटपट केली नाही. ओठ थरथरत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती चष्म्याआडून बघतच होती.

“काय झालं आई?” धाकट्याचं हसू गेलं होतं. त्याचा हात आपोआप गालाकडे गेला.

“भाऊ,” ती म्हणाली. “त्या दिवशी मला दिसलं नव्हतं. मला तुझं तोंड या यंत्रात कधी दिसलंच नाय. पहिल्यापासून नाय. आज दिसतंय.”

मी डोळे मिटून घेतले. हेडफोनमध्ये नुसती खरखर येत होती. तो उठून जाईल, चौकट काळी होईल, असं मला वाटलं. मी डोळे उघडले तेव्हा तो जागेवरच होता, गालावर हात तसाच, आणि आईकडे बघत होता. लहानपणी पडून आल्यावर, रडावं की नाही हे ठरवायच्या आधी, तो असाच बघायचा.

“हात काढ,” आई म्हणाली. “आणि उजेडाकडे तोंड कर. मला नीट बघू दे.”

त्याने हात काढला. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. त्याच्या बाजूला खिडकी असावी, कारण ऊन त्याच्या डाव्या अंगावर आलं, आणि गाल, कान, मान सगळं उघडं झालं. त्याने ती बाजू पूर्ण आमच्याकडे केली आणि तो हलला नाही. आईने पडद्याला बोट लावलं. पंचवीस इंचांच्या आत आली की पुन्हा धूसर होणार, हे तिला एव्हाना कळलं असावं. ती मागे सरून सरळ बसली आणि त्याच्या कानाकडे बघत राहिली.

“त्या कानाने ऐकू येतं का रे?” तिने विचारलं.

त्याने तोंड पुन्हा समोर केलं. मग म्हणाला, “नाही आई. त्या कानाने काहीच येत नाही.”

वर्षभर मी त्याच्याशी दर आठवड्याला बोलत होते. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.